खयाली पुलाव आणि उपाशी मन

उर्दूत 'खयाली पुलाव पकाना' म्हणतात, मराठीत 'मनातले मांडे खाणे'. दोन्ही भाषा शिकवत असल्याने हे वाक्प्रचार आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो, अर्थ सांगतो, शेखचिल्लीची गोष्ट ऐकवतो. मुले हसतात आणि आम्ही पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. याच गोष्टीवरून आमच्या हातून एक चूक झाली. ती आज वाचकांसमोर मांडत आहोत, कारण अशी चूक अनेक घरांत आणि अनेक वर्गांत होत असावी.

नववीत खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा बसायचा. (त्याची आणि त्याच्या अम्मीची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा शांत, खोड्या अजिबात नाहीत. पण प्रश्न विचारला की झोपेतून उठवल्यासारखा दचकायचा. कधी ओठ हलायचे, कधी स्वतःशीच हसायचा. एके दिवशी तीन हाका मारूनही त्याचे लक्ष आले नाही, तेव्हा आम्ही म्हणालो, "अरे शेखचिल्ली, अंड्यांची टोपली सांभाळ, पडेल हं!" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्या दिवसापासून त्याचे नावच शेखचिल्ली पडले. मैदानात शेखचिल्ली, एसटीत शेखचिल्ली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, पण तो आलाच नाही.

डिसेंबरमध्ये त्याची अम्मी शाळेत आली. आधी फीबद्दल बोलली, मग हजेरीबद्दल. उठता उठता पुन्हा बसली आणि म्हणाली, "टीचर, याला काहीतरी झालंय. रात्री घरामागच्या वाडीत दोन-दोन तास फेऱ्या मारतो. कानात इअरफोन असतो. हातवारे करतो, कुणाशी तरी बोलतो. हाक मारली तर अंगावर येतो. दिवसा अंथरुणातून उठत नाही. जेवण नाही, अंघोळ नाही. शेजारी म्हणतात, चिकूच्या झाडाखालून काहीतरी लागलंय." दोन ठिकाणी दम करून झाले होते. तावीज झाला होता. तिसऱ्या ठिकाणी सात हजार रुपये मागितले, म्हणून ती थांबली होती.

आम्ही तिच्याबरोबर घरी गेलो. आधी मुलाची माफी मागितली. मग बराच वेळ कुणीच काही बोलले नाही. शेवटी तो सांगू लागला.

मनातले शहर

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत त्या हिवाळ्यात माणसे घर असूनही उघड्यावर आणि तंबूत झोपली. हा मुलगा तेव्हा तिसरीत होता. "जमीन हलली की सगळे ओरडायचे," तो म्हणाला. "अब्बू ट्रेलरवर, बाहेरगावी. मी डोळे मिटून मनात एक शहर बनवलं. तिथं जमीन हलत नाही."

धक्के कमी झाले, शहर मात्र वाढत गेले. त्यात रस्ते आले, स्टेशन आले, क्रिकेटचा संघ आला. कप्तान अर्थातच हा. एक ठराविक गाणे लावून चालू लागले की शहर उघडायचे. सुरुवातीला झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुरायची. आठवीत रोजचे तीन तास झाले, नववीत पाच. आम्ही विचारले, "तिथं सगळ्यात छान काय आहे?" आम्हाला वाटले क्रिकेट म्हणेल. तो म्हणाला, "तिथं अब्बू रोज संध्याकाळी घरी येतात."

मग आम्ही विचारले, "हे सगळं खरं नाही, हे तुला कळतं ना?" तो म्हणाला, "कळतं ना टीचर. म्हणून तर परत आलं की जास्त वाईट वाटतं."

या उत्तरात या त्रासाची खूण आहे. ज्या मानसिक आजारात भास होतात, त्यात माणसाला भास खरेच वाटतात. इथे तसे नसते. आपण कल्पना करतो आहोत हे माणसाला पक्के ठाऊक असते, तरी त्याला थांबता येत नाही. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

दिवास्वप्न कधी त्रास होते

मन भटकणे हा काही दोष नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१० साली २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले की, या क्षणी तुमचे मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच. आपल्याला याचा पुरावा बाहेर शोधायची गरज नाही. नमाजला उभे राहिल्यावर दुकानाचा हिशेब, मुलीच्या लग्नाची यादी आणि गॅस बंद केला की नाही, हे सारे नेमके तेव्हाच आठवते! त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. भटकलेले मन सुखद विषयात असले तरी माणूस हातातले काम लक्ष देऊन करणाऱ्यापेक्षा जास्त आनंदी नव्हता.

साधे दिवास्वप्न उपयोगीही असते. त्यातून योजना सुचतात, गोष्टी सुचतात, कंटाळा सरतो. पण काही माणसांत ते हाताबाहेर जाते. हैफा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ साली सहा रुग्णांचा अभ्यास मांडून या अवस्थेला वेगळे नाव दिले. मराठीत आपण तिला 'अतिरेकी स्वप्नरंजन' म्हणू. तिची लक्षणे सांगतो, पाहा ओळखीची वाटतात का. कथा तपशीलवार असते, मालिकेसारखी वर्षानुवर्षे चालते. बहुतेक वेळा संगीत लागते. येरझाऱ्या, डुलणे किंवा हातात काहीतरी फिरवत राहणे असते. ओठ हलतात, चेहऱ्यावर भाव उमटतात. कुणी मध्येच थांबवले तर राग येतो. तास निघून जातात, कामे राहतात. थांबवायचे ठरवूनही थांबत नाही. आणि लाज वाटत असल्याने माणूस हे सगळ्यांपासून लपवतो.

हे निदान अजून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेले नसेल, तर त्यांना अज्ञानी समजू नये. नाव न सांगता लक्षणे सांगितली तरी उपचार होतात. आणि खूप कल्पना करणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही लक्षात ठेवावे. शाळा, झोप, जेवण, मैत्री यांवर परिणाम होत आहे का आणि मुलाला स्वतःला त्रास होत आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

उदासीशी नाते

अम्मीचा प्रश्न होता, "स्वप्नं पाहून हा उदास झाला, की उदास होता म्हणून स्वप्नं पाहू लागला?" प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असे की रस्ता दोन्हीकडून जातो.

आधी एखादे दुःख, भीती किंवा एकटेपणा असतो. मन त्यातून पळवाट काढते आणि पळवाटेत लगेच बरे वाटते. जे लगेच बरे वाटते ते मन पुन्हा मागते. दरम्यान खरे आयुष्य तसेच पडून राहते. अभ्यास मागे पडतो, मित्र दुरावतात, रात्रीची झोप जाते. डोळे उघडल्यावर मनातले शहर आणि समोरची खोली यांची तुलना होते आणि खोली आणखी रिकामी वाटते. 'मी पुन्हा वेळ वाया घालवला' ही शरम वर चढते. शरम विसरायला पुन्हा तेच शहर. हळूहळू नैराश्य घर करते. नैराश्यात उठून काही करण्याची ताकदच उरत नाही, पण पडल्या पडल्या कल्पना करायला ताकद लागत नाही. म्हणून चक्र आणखी घट्ट होते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. २०१७ साली अशा ३९ व्यक्तींच्या सविस्तर मुलाखती घेऊन अभ्यास झाला. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांना नैराश्याचा आजारही होता. चौघांपैकी एकाहून अधिक जणांनी कधी ना कधी जीव देण्याचा प्रयत्न केला होता. ३९ हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. पण घरात असे मूल असेल तर नैराश्याची चौकशी केलीच पाहिजे, एवढे त्यावरून नक्की कळते. २०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ७७ जणांनी १४ दिवस रोज रात्री नोंदी भरल्या. ज्या दिवशी स्वप्नरंजन जास्त, त्या दिवशी मनातल्या त्रासदायक भावनाही जास्त, असे दिसले.

नैराश्याची ओळखही प्रत्येक घराला असावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटणे, आवडीच्या गोष्टीतही रस न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, स्वतःला कुचकामी समजणे. लहान मुलांत आणि किशोरवयात उदासीऐवजी चिडचिड दिसते. आपण त्याला 'उद्धट झालाय' म्हणतो.

आम्ही त्या मुलाला अम्मीसमोरच सरळ विचारले, "कधी मरावंसं वाटतं का?" विचारताना आमचा आवाज कापत होता. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलते शिरेल, अशी अनेकांना भीती वाटते. तज्ज्ञांचे सांगणे उलट आहे. विचारल्याने तसा विचार पेरला जात नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. तो म्हणाला, "मरावंसं नाही टीचर. पण इथं असावंसं पण वाटत नाही." अम्मीने तोंडावर ओढणी धरली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे सरकारी दवाखान्यात गेलो.

दवाही, दुआही

जाण्याआधी त्याच्या दादीने अडवले होते. "नमाजी घरातल्या मुलाला पागलखान्यात नेणार का?" त्या वडीलधाऱ्या आहेत, त्यांच्याशी वाद घालणे आम्हाला जमले नाही. आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी आठवून दिल्या. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. ते अल्लाहचे पैगंबर होते. त्यांच्या दुःखाला कुणी ईमानची कमतरता म्हणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातल्या एका वर्षाला इतिहास 'दुःखाचे वर्ष' म्हणतो. चिंता आणि दुःख यांपासून पनाह मागण्याची दुआ त्यांनीच शिकवली. आजारावर औषध घ्यावे, हेही त्यांनीच सांगितले.

आपल्या पूर्वजांनी तर यावर ग्रंथ लिहिले आहेत. बल्खचे अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. जसे शरीर आजारी पडते तसे मनही पडते, हा त्यांचा पाया होता. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या विचारांनी त्रासलेल्याने एकटे आणि रिकामे बसू नये, असा त्यांचा सल्ला आहे. ही अकराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. दादी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी पण येते." आम्ही त्यांनाही नेले.

मुलाच्या मनात एक भीती वेगळीच होती. असे विचार करणे म्हणजे गुनाह आहे, म्हणून आपली नमाजही कबूल होत नसेल, असे समजून त्याने नमाज सोडून दिली होती. मनात नुसते येऊन गेलेले विचार, जोवर माणूस ते बोलत नाही की कृतीत आणत नाही, तोवर अल्लाहने माफ केले आहेत, अशा अर्थाची प्रसिद्ध हदीस आम्ही त्याला सांगितली. नमाजमध्ये मन भटकले तर नमाज सोडायची नसते, मन परत आणायचे असते. हे त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवे होते.

काय केले, काय करता येते

डॉक्टरांनी मुलाशी एकट्याशी बोलून नैराश्य असल्याचे सांगितले. समुपदेशन सुरू झाले, सोबत औषध. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचे नसते, हे त्यांनी अम्मीला दोनदा बजावले. स्वप्नरंजनासाठी वेगळी अशी गोळी नाही. त्यासाठी सवयींवर काम करावे लागले.

पहिले काम वहीचे. मुलाने रोज लिहायचे: शहरात कधी गेलो, किती वेळ, त्याआधी काय झाले होते. आठवड्यात नमुना दिसला. कुणी टोमणा मारला, गणिताचे पुस्तक उघडले किंवा अब्बूचा फोन आला नाही, की फेऱ्या सुरू. स्वतःच्या नोंदी ठेवणे आणि लक्ष हातातल्या क्षणावर परत आणण्याचा सराव, या दोन्हींनी हा त्रास कमी होतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतही दिसले आहे.

दुसरे, ते गाणे. इअरफोन हिसकावून घेतला नाही. फक्त चालताना लावायचा नाही, बसून ऐकायचा, असे ठरले. फेऱ्या मारायच्या तर मगरिबनंतर दादीबरोबर. दादी बोलायला लागल्या की शहर कुठले टिकते!

तिसरे, खरी कामे, पण लहान. सकाळी उठून अंघोळ. वाडीतले पडलेले चिकू गोळा करणे. अस्रच्या जमातीला जाणे, म्हणजे दिवसातून एकदा तरी चार माणसांत उभे राहणे. चौथे, झोप. फोन रात्री अम्मीच्या उशाशी. पाचवे सगळ्यांत महत्त्वाचे ठरले. अब्बूंना सगळे सांगितले गेले. ट्रेलर सोडता येत नाही, घर त्यावर चालते. पण कुठेही असले तरी रात्री नऊला ते मुलाला फोन करतात. दहाच मिनिटे, आणि त्यात अभ्यासाचा विषय काढायचा नाही.

आणि सहावे काम आमचे होते. जानेवारीत तो वर्गात परत आला त्या दिवशी आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "त्या दिवशी मी याला जे नाव दिलं ते चुकीचं होतं. मी त्याची माफी मागितली आहे. आता ते नाव या वर्गात कुणी घेणार नाही." वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक जण उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला.

शिक्षक मित्रांना आमची एवढीच विनंती आहे. वर्गात हरवलेले मूल दिसले तर नाव ठेवू नका. जवळ जाऊन बाकावर हलकेच बोट वाजवा, एखादे वाक्य वाचायला द्या आणि मधल्या सुट्टीत दोन मिनिटे एकट्याला विचारा, "घरी सगळं ठीक आहे ना?" पालकांनी शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, 'नाटक करतोस' म्हणू नये. दुआ जरूर पढावी. पण जो कुणी दुआच्या नावावर हजारो रुपये मागतो, किंवा डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

ज्यांना कुठे जावे कळत नाही, त्यांनी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात, हे आधी विचारून जावे, म्हणजे बसभाडे वाया जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर वाट पाहू नये, त्याला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलगा आता दहावीत आहे. सगळे सरळ झाले असे नाही. परीक्षेच्या आठवड्यात फेऱ्या वाढल्या होत्या, आणि ते त्याने स्वतःच वहीत लिहून दाखवले. एरवी पाच तासांचे पाऊण तासावर आले आहे. परवा त्याने विचारले, "टीचर, ते शहर पूर्ण बंद करावं लागेल का?" आम्ही डॉक्टरांचेच उत्तर दिले की, बंद नको, पण मुक्काम नको. तिथे पाहुण्यासारखे जायचे आणि वेळेवर घरी यायचे.

तो थोडा विचार करून म्हणाला, "नऊच्या आत यावंच लागतं. अब्बूचा फोन असतो."